मखराच्या एलईडी पट्टीला पॉवर सप्लाय कसा निवडावा

गणपती जवळ आले की पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एलईडी पट्टीची रिळं धडाधड खपतात. रंग निवडण्यात अर्धा तास जातो आणि सप्लाय मात्र दुकानदार हातात ठेवेल तो घेतला जातो. पुढे त्रास होतो तो बहुधा या सप्लायचाच.

आधी पट्टीवर छापलेलं व्होल्टेज वाचा. घरगुती सजावटीची पट्टी सहसा १२ व्होल्टची असते. ती जवळून पाहिली तर दर तीन एलईडींनंतर कापायची खूण आणि त्या तिघांमागे एक इवलासा रेझिस्टर दिसतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. तिघांचे ९ झाले, उरलेले ३ रेझिस्टर खातो आणि करंटला लगाम घालतो. त्यामुळे अशा पट्टीला फक्त पक्के १२ व्होल्ट डीसी देणारा एसएमपीएस (घरातली वीज कमी व्होल्टच्या डीसीत बदलणारा जाळीदार डबा) किंवा अ‍ॅडॉप्टर पुरतो.

सुटे १ वॅटचे एलईडी जोडून दिवा बनवणार असाल, तर गोष्ट वेगळी. त्यांना करंट बांधून देणारा ड्रायव्हर लागतो. दहा एलईडी एका ओळीत जोडले तर बेरीज ३० ते ३३ व्होल्टच्या आसपास जाते. ड्रायव्हरवर लिहिलेल्या किमान आणि कमाल व्होल्टेजच्या मध्ये हा आकडा बसायला हवा.

आता पट्टीचा हिशोब. ५०५० जातीची (५ बाय ५ मिलिमीटरच्या एलईडींची), मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी मीटरमागे सुमारे १४.४ वॅट घेते. पाच मीटरचे ७२ वॅट. १२ ने भागले की ६ अँपिअर. सप्लाय कायम काठोकाठ चालवू नये, म्हणून वर पाव हिस्सा धरा: साडेसात. बाजारात सहज मिळणारा पुढचा आकडा १० अँपिअरचा, तोच घ्या. ‘१० अँपिअरने पट्टी जळेल’ ही भीती अनेकांना असते, पण ती निराधार आहे. अँपिअर ही सप्लायची ऐपत. पट्टी मागेल तेवढाच करंट तो देतो. व्होल्टेज मात्र जुळलंच पाहिजे. १२ च्या पट्टीला २४ दिले तर ती गेलीच म्हणून समजा.

लेबलवरच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. पूर्ण पट्टी लावून अर्धा तास चालू ठेवा, मग मल्टिमीटरने सप्लायच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १२ च्या आसपास टिकलं तर ठीक. ११ वर घसरलं आणि डब्याला हात लावून धरवत नसेल, तर सरळ परत करा.

सप्लायपाशी १२ भरतात आणि पट्टीचं टोक तरी मंद दिसतं, तेव्हा वायर तपासा. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने पाच मीटर लांबून ५ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन जवळपास ०.९ व्होल्ट वायरीतच जातात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेझिस्टरच्या वाट्याला मुळात तीनच व्होल्ट असतात, त्यामुळे उजेड चांगलाच उतरतो. वायर जाड घ्या, अंतर कमी ठेवा आणि पाच मीटरच्या रिळाला दोन्ही टोकांकडून १२ व्होल्ट द्या.

स्वस्तात मिळणारे काही सप्लाय ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या कपॅसिटरवर व्होल्टेज कमी करणारे असतात. त्यांच्या आउटपुटला हात लागला तरी शॉक बसू शकतो, म्हणून मुलांच्या हाताशी येणाऱ्या मखराला ते नकोतच. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि आर-पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. जाळीदार एसएमपीएसला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही जोडा, टर्मिनलवर झाकण ठेवा. बाजूला ११०/२२० चं बटण असेल तर ते २२० वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी बघा. डबा मखराच्या मागे कापडात खुपसू नका. बाहेर, हवा लागेल असा ठेवा.