पंपावर नोकरी लागली? मग आगीचं आधी समजून घ्या

आमच्या बीड-परभणी भागात बारावी झाली की पोरांना पहिली हाताला येणारी कामं दोन, एक कुरिअरचं आणि दुसरं पेट्रोल पंपावरचं. पंपावर नवीन लागणारी पोरं बरेचदा विचारतात की दादा तिथं शिकायचं काय असतं, नोझल टाकायचं न् पैसे घ्यायचे. मी नोझलवर सुरुवात करून मॅनेजर झालो आणि आता सेफ्टीचं काम बघतो, म्हणून सांगतो, शिकायचं भरपूर आहे आणि त्यातलं निम्मं आगीचं आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशाच्या आसपास असतो, म्हणजे परभणीचा मे महिना तर सोडाच, काश्मीरच्या बर्फातसुद्धा त्यातून पेटण्याइतकी वाफ निघत असते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळं वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत खड्ड्यात, नालीत, चेंबरमध्ये जाऊन बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की एक ठिणगी पुरते. डिझेलचं तसं नाही, त्याला आधी बऱ्यापैकी तापावं लागतं. म्हणून ज्या पोराला डिझेलच्या नोझलवर महिनोन्‌महिने काढून पेट्रोलवर टाकलंय त्याच्यावर जरा जास्त लक्ष ठेवावं लागतं, त्याचा हात सैल झालेला असतो.

आता ठिणगी येते कुठून. लोक मोबाइलच्या मागं लागलेत, पण परदेशात भरताना लागलेल्या ज्या आगी तपासल्या गेल्या त्यात मोबाइल दोषी असल्याचं काही सापडलं नाही, बहुतेक वेळा कारण निघालं स्टॅटिक, म्हणजे कपड्यांच्या घासण्यातून अंगावर साठलेली वीज. तिकडं गिऱ्हाईक स्वतः नोझल लावतं, थंडी वाजते म्हणून मध्येच गाडीत जाऊन बसतं, सीटवर घासलं की अंगावर चार्ज येतो, बाहेर येऊन नोझलला हात लावला की वाफेतच ठिणगी. म्हणून त्यांच्याकडं नियमच आहे की भरताना परत गाडीत बसायचं नाही, आणि बसलात तर नोझलला हात लावायच्या आधी लांबच्या धातूला हात लावा. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा पार कोरडी असते, पॉलिस्टरचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो ना, तेच. ड्युटीला सुती कपडे घाला एवढंच सांगतो, पंपावाल्यानं दिलेला ड्रेस टेरिकॉटचा असेल तर मालकाशी बोला.

मोबाइलवर बोलणं तरी थांबवा, कारण बोलणाऱ्याचं लक्ष नसतं आणि टाकी ओसंडते. आता क्यूआरचा स्टँड पंपावरच असतो, त्यामुळं मोबाइल बंद ठेवा म्हणणारा बोर्ड आणि पेमेंट करा म्हणणारा बोर्ड शेजारीशेजारी, कुणी काय म्हणावं. माझी पद्धत अशी की आधी नोझल होल्डरला लावायचं, झाकण बंद करायचं, गाडी दोन पावलं पुढं घ्यायला सांगायची, मग स्कॅन. गर्दीत लोक कुरकुर करतात, करू द्या.

मराठवाड्यातला खरा तंटा मात्र बाटलीवरून होतो. पाऊस लागला, सोयाबीन-कपाशीवर फवारणी सुरू झाली की पेट्रोलचा फवारणी पंप घेऊन शेतकरी येतो आणि हातात असते पाण्याची प्लास्टिकची बाटली. तुम्ही नाही म्हटलं की तो म्हणणार, ‘अरं बाबा, मागच्या वर्षी तुझ्याच पंपावरून नेलंय की.’ त्याचं चुकत नाही, त्याला काम आहे. पण १९३४ चा पेट्रोलियम कायदा लायसन्सशिवाय जवळ ठेवायला जी ३० लिटरची सूट देतो ती विकण्यासाठी नसलेल्या पेट्रोलला आहे, आणि त्यातही काचेचं किंवा चिनी मातीचं घट्ट बुचाचं भांडं असलं तर एका लिटरपर्यंत, धातूचं असलं तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकची बाटली त्यात बसतच नाही. मी शेतकऱ्याला कायदा सांगत बसत नाही, म्हणतो काका, घट्ट बुचाचा पत्र्याचा डबा आणा, लगेच देतो. डबा आला की तो गाडीवर किंवा ट्रॉलीतल्या ताडपत्रीवर ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवायचा, नोझलची तोटी डब्याच्या तोंडाला टेकवून हळू सोडायचं आणि काठोकाठ भरायचं नाही, उन्हात पेट्रोल फुगतं.

टँकर खाली करताना सगळ्यात जास्त डोकं जागेवर लागतं. आपल्याकडचे बरेचसे टँकर मनमाडच्या पानेवाडी डेपोतून नाहीतर सोलापूरच्या पाकणी डेपोतून येतात, ड्रायव्हर रात्रभर चाललेला असतो, त्याला घाई असते. इंजिन बंद, चाकाला अडथळा लावलेला, एक्स्टिंग्विशर काढून जवळ ठेवलेले, आणि मग पहिलं काम अर्थिंगची क्लिप, म्हणजे टँकरवरचा चार्ज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा चिमटा. इथं एक बारीक गोष्ट बघा, क्लिप टँकरच्या रंगावर अडकवली तर अर्थिंग झालेलं नसतं, नुसती दिसते. टँकरला त्यासाठी उघड्या धातूची जागा ठेवलेली असते, ती गंजली असली तर घासून चकचकीत करून तिथं चावा घेईल अशी लावायची. लावताना आधी क्लिप मग होस (माल उतरवायचा पाइप), काढताना आधी होस मग क्लिप, हा क्रम उलटा झालेला मी चालवून घेत नाही. टँकर उभा केल्यावर थोडा वेळ तसाच राहू द्यायचा, प्रवासात हलून आत साठलेला चार्ज उतरतो. सॅम्पल घ्यायला प्लास्टिकची बादली वापरायची नाही, धातूचीच. आणि ज्या टाकीत माल उतरतोय तिच्यातून तेवढा वेळ विक्री बंद, बाहेर रांग लागली तरी.

आता समजा लागलीच. बाइकच्या टाकीच्या तोंडाशी भडका उडाला तर घाबरून नोझल उपसू नका. व्हिडिओत बघता ना, पोरगा नोझल ओढतो आणि पेटतं पेट्रोल अंगावर, गाडीवर सगळीकडं उडतं, आग तिथं पसरते. हात सोडा, लिव्हर सुटली की प्रवाह थांबतो, आणि ओरडून इमर्जन्सी स्विच दाबायला सांगा. हा स्विच कुठं आहे ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या, काही पंपांवर त्याच्यासमोर ऑइलचे डबे रचलेले असतात. मग डीसीपी, म्हणजे कोरड्या पावडरचा एक्स्टिंग्विशर, पिन काढून, वाऱ्याकडं पाठ करून, ज्वाळेच्या मुळाशी. नऊ किलोचा असला तरी अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो, म्हणून दुसऱ्यानं दुसरा तयार ठेवायचा. पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगत जातं आणि आग सोबत नेतं. सांडलेल्यावर वाळू टाका. बादल्या भरलेल्या आहेत का बघा, बऱ्याच ठिकाणी त्यात गुटख्याच्या पुड्या निघतात.

एक पोरगं मला म्हणालं, भाऊ आपल्याकडं सेल्फ सर्व्हिस आलं तर आपल्या नोकऱ्या गेल्या की. तसं सरळ नाही. जपाननं १९९८ मध्ये सेल्फ पंपाला परवानगी दिली, पण तिथंसुद्धा धोकादायक पदार्थ हाताळायची सरकारी परीक्षा पास झालेला माणूस खोलीत बसून प्रत्येक गिऱ्हाइकावर नजर ठेवतो, त्यानं परवानगीचं बटण दाबल्याशिवाय तेल येत नाही, आणि गिऱ्हाइकाला आधी स्टॅटिक घालवायच्या पट्टीला हात लावावा लागतो. अमेरिकेत न्यू जर्सीत तर आजही गिऱ्हाइकानं स्वतः पेट्रोल भरायला मनाई आहे. ज्याला आगीचं कळतं त्याला काम राहतं.

त्याचाच फायदा पुढं घ्या. पंपाचा अनुभव धरून सेफ्टीकडं जायचं असेल तर फायरमनच्या कोर्ससाठी मुंबईची महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी आहे, सब-ऑफिसरच्या कोर्ससाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय. पंपांना लायसन्स देणाऱ्या पेसोचं मुख्य कार्यालयही नागपूरलाच. वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा लागतो. आपल्या शहरांतून ‘फायर अँड सेफ्टी, शंभर टक्के नोकरी’ असे बोर्ड लावलेले क्लास पायलीला पन्नास झालेत आणि त्यातल्या एकानं माझ्या ओळखीच्या पोराचे पैसे घेऊन असं सर्टिफिकेट दिलं जे कंपनीत कुणी हातात पण धरलं नाही. फी भरायच्या आधी एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या साइटवर त्या संस्थेचं आणि कोर्सचं नाव शोधा, सापडलं नाही तर पैसे देऊ नका.