कोळसा काढून झालेली जमीन सावरताना या चुका टाळा

खुल्या खाणीतला कोळसा संपला की पहिला प्रश्न येतो तो "झाडं कोणती लावू?" हा. खरं तर तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी जमिनीत जे बिघडतं, ते उत्तम रोपवाटिकेलाही सुधारता येत नाही.

डंप, म्हणजे खाणीतून निघालेल्या माती-दगडांचा ढिगारा, चोपून सपाट करणे ही सगळ्यांची लाडकी चूक. एका डंपवर कंत्राटदाराने डोझर इतका फिरवला होता की वर क्रिकेट खेळता आलं असतं. पाहणीला आलेले साहेब खूश. रोपं लागली, पहिल्या वर्षी हिरवीही दिसली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी माना टाकल्या. मग खत कमी पडलं, पाणी कमी पडलं, रोपंच वाईट होती, अशा चर्चा. मेलेलं एक रोप कुदळीने खणलं, तर मुळं खड्ड्याच्या भिंतीला थडकून गोलगोल फिरलेली, खाली बोटभरही गेलेली नाहीत. पाऊस पडला की खड्डा तुंबायचा आणि मुळं कुजायची. पाणी आटलं की उरलेली वाळायची. त्याच डंपच्या कडेला डंपरने ओतून तशीच सोडलेली ओबडधोबड पट्टी होती. तिथे कोणी काहीच लावलं नव्हतं, तरी आपोआप उगवलेली झुडपं कमरेला लागत होती.

अमेरिकेत खाणींची जमीन सावरण्याच्या 1977 च्या कायद्यानंतर असंच झालं. धूप थांबवायची म्हणून उतार चोपले, गवत पेरलं आणि पुढे तिथे जंगल वाढेना. आता तिथले वनतज्ज्ञ वरचा निदान 1.2 मीटर थर सैल ठेवायला सांगतात. मी ओलसर मातीत पहार खुपसून बघतो. अंगाचा भार टाकूनही ती जात नसेल तर रोपं आणायचीच नाहीत, आधी रिपर (डोझरमागे लावलेला, जमीन खोलवर फाडणारा दात) चालवायचा, तोही माती कोरडी असताना. ओल्या चिकणमातीत रिपर नुसत्या गुळगुळीत चिरा पाडतो. सैल ठेवायचा तो फक्त वरचा थर; डंप कसाही रचायला ही परवानगी नव्हे. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅनला 1966 मध्ये झऱ्यांवर रचलेला ढिगारा घसरला आणि 144 जीव गेले, त्यातली 116 मुलं होती.

वरची सुपीक माती उंच ढिगात वर्षानुवर्षं ठेवू नका. आत हवा पोचत नाही, मुळांना साथ देणारी बुरशी मरते, बियाणंही जातं. एकीकडे काढली की दुसरीकडे लगेच पसरा. साठवावीच लागली तर ढीग बुटके ठेवा आणि त्यांवर गवत वाढू द्या.

आता पाण्याचं. कोळशालगतच्या खडकात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागताच गंधकाम्ल तयार होतं आणि ओढा नारिंगी होतो. यावर उतावळ्यांचा उपाय ठरलेला: उघड्या चरात चुनखडी टाका. थोड्याच काळात दगडांवर लोहाचा थर चढतो आणि चुनखडी असून नसल्यासारखी. खणण्याआधीच बोअरचे नमुने तपासून असा खडक ओळखा आणि हवा-पाण्यापासून दूर, खोल पुरा. दुसरी गोष्ट, डंपच्या पायथ्याचं पाणी नितळ दिसलं आणि सामू (pH) बरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका. विरघळलेलं लोह हवेत आल्यावर रंग दाखवतं, सामूही घसरू शकतो. मी बाटली काही दिवस उघडी ठेवून पुन्हा मोजतो.

एकाच जातीची झटपट वाढणारी झाडं लावून त्याला जंगल म्हणू नका.

पहिल्या पावसानंतरच्या फोटोवर काम संपलं असं लिहू नका. उन्हाळा जाऊ द्या.

कोळशाचे तुकडे असलेला कचरा सैल ओतून उघडा ठेवू नका. हवा खेळली की तो आतून तापतो आणि पेट घेतो. कोळशाची आग विझवणं सोपं नसतं. झारखंडमधल्या झरियाच्या कोळसा खाणींत पहिली आग 1916 मध्ये नोंदली गेली, तिथे अजून धुमसतंय. हा कचरा पातळ थरांत पसरायचा, प्रत्येक थर चोपायचा आणि वर मातीचं जाड पांघरूण घालायचं. डोझरची हौस इथे भागवा.