यूएफई२: प्रमाण जरा हलले की चुंबकत्व कसे बदलते, आणि ते कसे मोजावे

युरेनियम-लोखंडाची द्विघटक संयुगे दोनच: यू६एफई (सहा युरेनियम अणूंमागे एक लोखंड) आणि यूएफई२ (एका युरेनियममागे दोन लोखंड). यू६एफईमध्ये वजनाने लोखंड जेमतेम ३.८ टक्के, ते लोहचुंबकीय नाहीच, उलट ४ केल्विनच्या आसपास अतिवाहक (विद्युतरोध शून्य) होते. यूएफई२ मात्र साधारण १६५ केल्विनखाली लोहचुंबकीय बनते. तिथेही चुंबकत्व जवळजवळ सगळे लोखंडाचे: लोखंडाच्या अणूमागे सुमारे ०.६ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचे एकक). युरेनियमच्या वाट्याला आलेले कक्षीय आणि स्पिन आघूर्ण (इलेक्ट्रॉनच्या कक्षेतील फिरण्यामुळे आणि त्याच्या स्पिनमुळे येणारे चुंबकत्व) एकमेकांना खाऊन टाकतात.

परवाना आणि किरणोत्सर्ग सुरक्षेची व्यवस्था असलेल्या प्रयोगशाळेतच हे काम करा. ५ ग्रॅम नमुन्यासाठी युरेनियम ३.४०३ ग्रॅम, लोखंड १.५९७ ग्रॅम. युरेनियमवरचा काळा थर विरल नायट्रिक आम्लात काढून मगच तोला. थर तसाच राहिला तर तेवढे युरेनियम ऑक्साइडात अडकते आणि त्याच्या वाटणीचे लोखंड मोकळे पडते.

हे मोकळे लोखंडच खरा घोळ घालते. यूएफई२चे संपृक्त चुंबकीकरण (क्षेत्र वाढवले तरी ज्यापुढे वाढत नाही ते) सुमारे १७ ईएमयू (चुंबकत्वाचे एकक) प्रतिग्रॅम, लोखंडाचे २१८. म्हणजे वजनाने १ टक्का मोकळे लोखंड २ ईएमयूहून जास्त भर घालते, आणि एवढे कमी लोखंड क्ष-किरण आलेखात बहुधा दिसतही नाही! म्हणून आधी ३०० केल्विनला चुंबकीकरण-क्षेत्र आलेख काढा. रेषा सरळ शून्यातून गेली तर ठीक. सुरुवातीलाच झटकन चढून मग सरळ झाली, तर लोखंड आहे. सरळ भाग मागे शून्य क्षेत्रापर्यंत वाढवा, येणारा आकडा २१८ने भागा: लोखंडाचा वजनी अंश मिळाला.

आर्गॉनमध्ये आर्क भट्टीत वितळवताना गोळी उलटून चार-पाच वेळा वितळवा. नंतरचे तापवणे ७०० अंश सेल्सियसला. त्याहून फार वर नको, कारण ७२५ अंशांना यू६एफई-यूएफई२ मिश्रण वितळू लागते. बारीक भुकटी हवेत पेट घेऊ शकते, ती ग्लोव्हबॉक्समध्येच करा.

लोखंड किंचित जास्त असलेल्या यूएफई२चे क्युरी तापमान (ज्याखाली ते लोहचुंबकीय बनते) वर सरकते, त्यामुळे ते नजरेने न ठरवता अ‍ॅरॉट आलेखावरून (चुंबकीकरणाचा वर्ग विरुद्ध क्षेत्र भागिले चुंबकीकरण) काढा. युरेनियम जास्त झाले तर यू६एफई वेगळे साचते. ५ टक्के साचले तर प्रतिग्रॅम चुंबकीकरणही साधारण तेवढेच घटते. शंका असल्यास विद्युतरोध २ केल्विनपर्यंत मोजा: ४ केल्विनजवळ तो अचानक घसरला, तर यू६एफई आहेच.