तीन बिंदूंवरून घंटाकृती वक्र बसवणे
हाती मोजकेच बिंदू असतील, तर प्रत्येक उंचीचा नैसर्गिक लॉग (e या पायाचा लॉगरिदम) घ्यावा. त्यामुळे घंटाकृती (गाउसी) वक्राचा अन्वस्त (पॅराबोला) होतो आणि तो ठरवायला तीन बिंदू पुरतात. समजा, १, २ आणि ३ या स्थानांवर उंची ४, १० आणि ६ आहे. त्यांचे लॉग १.३८६३, २.३०२६ आणि १.७९१८ येतात. टोकांच्या लॉगच्या बेरजेतून मधल्याची दुप्पट वजा केल्यास उणे १.४२७१ मिळते; उणे चिन्ह सोडून त्याचा व्यस्त घेतला की ०.७००७ हा प्रमाण विचलनाचा (वक्राच्या रुंदीच्या मापाचा) वर्ग, म्हणून प्रमाण विचलन ०.८३७. टोकांच्या लॉगमधील ०.४०५५ या फरकाला १.४२७१ च्या दुपटीने भागल्यास ०.१४२ येते, म्हणजे शिखर तितके उजवीकडे, २.१४२ वर आहे.

खरी अडचण पायथ्याशी येते. तिथल्या लहान उंचीतली किरकोळ चूकही लॉग घेतल्यावर फुगते, आणि शून्य किंवा ऋण उंचीचा तर लॉगच निघत नाही. म्हणून पार्श्वभूमीची पातळी (वक्राखाली मुळातच असलेली उंची) आधी वजा करावी, शिखराजवळचे बिंदू निवडावेत आणि तीनाहून अधिक बिंदू असल्यास न्यूनतम वर्ग पद्धतीत (जिच्यात चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवतात) प्रत्येकाला उंचीच्या वर्गाइतका भार द्यावा. नेमक्या तीन बिंदूंवर वक्र तंतोतंत बसतोच (मधला बिंदू पुरेसा उंच असला की झाले), त्यामुळे आकार खरोखर घंटाकृती आहे का, हे तपासायला निदान चौथा बिंदू हवा.