ड्युअल क्लच एसयूव्हीची पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली थरथर: माझा अनुभव

गाडी दीड वर्षाची, ड्राय (तेलात न बुडालेल्या) दोन क्लचचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुंबईतल्या जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) चढावर ट्रॅफिकमध्ये रांगताना पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जोराची थरथर, आणि पाऊण तासाने गिअरबॉक्स तापल्याची सूचना. मोकळ्या रस्त्यावर काहीच नाही.

स्पार्क प्लग बदलले, इंजिन माउंट तपासले, बॅटरीची तार काढून लावली. फरक शून्य. सर्व्हिस सेंटरवाले तीनदा ‘हे नॉर्मल आहे’ म्हणाले, तेव्हा फार संताप आला.

शेवटी मेकॅनिकला संध्याकाळी सहाला त्याच चढावर सोबत नेलं, स्कॅनर जोडून. क्लचचं तापमान वाढताना त्यानं स्वतः पाहिलं. मग हा क्रम:

आधी गिअरबॉक्स कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर अपडेट. मग गाडी सपाट जागी, इंजिन गरम, एसी बंद, हँडब्रेक ओढून स्कॅनरनं क्लचचा टच पॉइंट (क्लच पकड घ्यायला लागतो ती जागा) गिअरबॉक्सला नव्याने शिकवणं. हे अपडेटनंतरच करून घ्या. माझ्याकडे आधी उलट झालं होतं. त्यानंतर पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर हलक्या पायाने सगळे गिअर वर-खाली.

आता चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरत नाही, ब्रेकच दाबतो. ॲक्सिलरेटरने धरली की क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तोच तापतो. चार महिने झाले, थरथर नाही.