वाग्यू आणि सुशी एकाच जेवणात: आधी मासा, मग बीफ

ए५ म्हणजे सर्वोच्च दर्जाचं वाग्यू (चरबीची जाळी असलेलं जपानी बीफ) चार-पाच घासांतच जड होतं, आणि त्यानंतर आलेल्या सुशीची चव लागतच नाही. जपानमध्ये दोन्ही एकाच बैठकीत खायचं असेल तर क्रम असा ठेवा.

१. सुशी आधी. सुरुवात पांढऱ्या माशाने, तेलकट तोरो (ट्यूना माशाचा पोटाकडचा भाग) शेवटी. आल्याचं लोणचं दोन तुकड्यांच्या मध्ये खायचं, तुकड्यावर ठेवून नव्हे.

२. निगिरी (भाताच्या छोट्या गोळ्यावर मासा ठेवलेली सुशी) समोर आली की लगेच खा, हाताने चालते. सोया सॉस माशाला लावा. भात बुडवला की तो सॉस शोषतो, खारट होतो आणि सुटून वाटीत पडतो. मासा आधीच चकाकत असेल तर शेफने ब्रशने सॉस लावलेला आहे, वरून अजिबात नको.

३. बीफ माणशी ८० ते १०० ग्रॅम भरपूर झालं. दोघं असाल तर एक सरलॉइन (पाठीच्या मागच्या भागातला चरबीदार तुकडा) आणि एक कमी चरबीचा 'आकामी' तुकडा मागवून वाटून घ्या. मीडियम-रेअर (बाहेरून भाजलेलं, आत गुलाबी) सांगा, अगदी कच्चट ठेवलं तर आतली चरबी वितळत नाही. पहिला घास नुसत्या मिठाबरोबर. पुढे वसाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी), तीही सढळ हाताने, कारण चरबीमुळे तिचा झणका बराच उतरतो.

कोबे या जपानी शहरातल्या बऱ्याच तेप्पानयाकी (समोरच तव्यावर भाजून देणाऱ्या) रेस्टॉरंटांत दुपारचा सेट रात्रीपेक्षा स्वस्त पडतो. खरं कोबे बीफ (तिथलं प्रसिद्ध वाग्यू) असेल तर जनावराचा १० अंकी ओळख क्रमांक विचारल्यावर दाखवतात.

सावधान: फोटो काढण्यात बीफ गार होऊ देऊ नका. गोठलेली चरबी टाळूला मेणासारखी चिकटते.