पापणी खाली आली तर आधी बाहुली बघा

वरची पापणी बुबुळाची वरची कड एक-दोन मिलिमीटर झाकते. त्याहून खाली उतरली की डॉक्टर त्याला टोसिस म्हणतात. अनेकांना लगेच ऑपरेशन हवं असतं. पण दोष कधी पापणीत नसतोच, तो मेंदूच्या रक्तवाहिनीत किंवा मानेतल्या नसेत (मज्जातंतूत) असतो. म्हणून आधी कारण शोधा.

दोन्ही बाहुल्या मंद आणि भरपूर उजेडात ताडून बघा. पडलेल्या बाजूची बाहुली मोठी, डोकं जोरात दुखतंय, एकाचे दोन दिसतात, डोळा बाहेर-खाली वळलाय, तर मेंदूतल्या धमनीचा फुगा नसेवर दाबत असू शकतो. त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा. मधुमेहातही हीच नस बंद पडते, पण बाहुली बहुधा ठीक राहते आणि पापणी साधारण तीन महिन्यांत सावरते. हा फरक मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा. बाहुली लहान आणि पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर खाली असेल, त्यात मानही दुखत असेल, तर मानेतली धमनी तातडीने तपासावी लागते. लहान बाहुलीचा फरक अंधारात जास्त उठून दिसतो.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी जड पापण्या, पोटदुखी घेऊन उठला तर मण्यार चावल्याचा संशय घ्या. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही सापडत नाही. वाट न बघता, त्याला चालू न देता, प्रतिविष मिळेल तिथे न्या.

सकाळी ठीक आणि संध्याकाळी डोळा मिटतो, असं असेल तर मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकवणारा आजार, आठवा. एक मिनिट पापणी न मिटता छताकडे बघायला सांगा. पापणी हळूहळू घसरते का? मग कापडात गुंडाळलेला बर्फ मिटल्या पापणीवर दोन मिनिटं ठेवा. पापणी दोन मिलिमीटर किंवा जास्त वर आली तर संशय बळावतो. नाही आली म्हणून आजार नाही असं मात्र समजू नका. पुढे रक्ततपासणी, छातीचा सीटी स्कॅन आणि पायरिडोस्टिग्मिनसारख्या गोळ्या. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थांबू नका.

हे सगळं नसेल तर मोजमाप करा. समोरून टॉर्च धरा. बाहुलीत चमकणाऱ्या ठिपक्यापासून पापणीच्या कडेपर्यंत पट्टीने मोजा: चार-पाच मिलिमीटर ठीक, दोन किंवा कमी असेल तर नजर अडते. मग भुवई अंगठ्याने दाबून धरा आणि खाली, मग वर बघायला सांगा. कड किती सरकली? बारा मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे पापणी उचलणारा स्नायू दमदार, चारपर्यंत म्हणजे दुबळा. भुवई दाबली नाही तर कपाळ मदत करतं आणि आकडा फसवा येतो. नुसती कातडी लोंबत असेल तर ती बोटाने उचला. खाली कड जागेवर दिसली तर तो टोसिस नव्हे.

उतारवयात बहुधा स्नायूचा पातळ पडदा सैल होतो. वर्षानुवर्षं लेन्स घालणं, डोळे चोळणं, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यांनीही होतं. स्नायू दमदार असेल तर हा पडदा पुन्हा ताणून शिवतात. मोठ्यांना जागेवर भूल देतात, म्हणजे टेबलावर डोळा उघडायला लावून उंची जुळवता येते. स्नायू दुबळा असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतल्या पडद्याच्या पट्टीने बांधतात. एक बाजू उचलली की दुसरी कधीकधी खाली येते, म्हणून दोन्ही आधी तपासून घ्या.

जन्मजात असेल आणि पापणी बाहुली झाकत असेल, बाळ हनुवटी वर करून बघत असेल, तर मोठं होण्याची वाट बघू नका. झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही आणि नंतर चष्म्यानेही नजर पूर्ण येत नाही.

ऑपरेशननंतर काही आठवडे झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही. रात्री मलम, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब न चुकता घाला, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.